गरिबांची पाणथळ

थर्झा ऑल्डसला कोळ्यांची मनस्वी किळस होती. न्हाणीघरात एखादा दिसला की ती भावाला हाक मारायची, आणि एनॉक काठी टेकत, पुटपुटत येऊन तो कपात पकडून बाहेर टाकेपर्यंत दारापाशी पाठ फिरवून उभी राहायची. त्यामुळे मार्चमधल्या सभेत शहरातल्या संग्रहालयाच्या मिस हॅडो उठून कोळ्यांविषयी बोलायला लागल्या, तेव्हा मोठ्यानं हसणाऱ्यांत थर्झाही होती.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. याच हॉलमध्ये थर्झानं तीस-एक वर्षं थेलमार्शच्या पोरांना जेवण वाढलं होतं. आता तीच पोरं मोठी होऊन पुढच्या बाकांवर बसली होती, आणि त्यांतला एक, डग्लस पॅटमोर, नकाशा भिंतीला टाचून बोलत होता. पॅटमोरची शेती गावात सगळ्यांत मोठी. गावाच्या खालच्या अंगाला, नदीपर्यंत पसरलेली पाणथळ त्याला करारानं हवी होती. चर खणून पाणी काढायचं, नांगर घालायचा आणि बीट लावायचं. बदल्यात दर नाताळाला गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारात कोळशाची पोती पडतील, असं त्यानं सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवर टाळ्याही पडल्या.

ही पाणथळ गरिबांची होती. नावानंही आणि कागदानंही. फार पूर्वी गावच्या जमिनींची वाटणी झाली, तेव्हा जी कुणालाच नको होती ती जमीन गरिबांच्या नावानं सोडून दिलेली. ज्याच्या चुलीला सरपण नाही त्यानं तिथलं पीट कापावं, ज्याचं छप्पर गळतं त्यानं तिथला लव्हाळा न्यावा. पीट म्हणजे पाण्याखाली शेकडो वर्षं कुजत, दबत गेलेलं गवतच. विटा पाडून वाळवलं की जळतं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते कापलं आणि कापलेल्या जागी खड्डे राहिले. खड्ड्यांत पाणी साठलं. हा सगळा कारभार विश्वस्त बघायचे, आणि विश्वस्तांचे प्रमुख होते पाद्री लॅम्बर्न.

मिस हॅडो उंच, हडकुळ्या, कोटाच्या खिशांत कायम काचेच्या नळ्या खुळखुळवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "त्या जुन्या खड्ड्यांत एक कोळी राहतो. तळहाताएवढा होतो. अंगाच्या दोन्ही बाजूंना पिवळसर पट्टे. पाण्यावर उभा राहून शिकार करतो. सगळ्या देशात त्याच्या जागा बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्यात. पाणी गेलं की तो गेला."

"मिस हॅडो," पॅटमोर म्हणाला, "मी ते सगळे खोक्यात भरून तुमच्या संग्रहालयात पोचवतो. गाडीभाडं माझं."

हॉल हसला. थर्झाही हसली. पॅटमोरला चेव आला.

"आणि खरं सांगायचं तर त्या चिखलाला विचारतंय कोण? शेवटचं पीट कापलं ते म्हाताऱ्या फिस्कनं. तेही बिचाऱ्याला दुसरं काही जमत नव्हतं म्हणून."

थर्झाचं हसू तोंडातच राहिलं. लग्नाआधी ती फिस्क होती; तो म्हातारा तिचा बाप. ती उठून उभी राहिली.

"डग्लस, त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं?"

पॅटमोरनं मागं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ऑल्डसबाई, माझा तसा अर्थ नव्हता."

"नाव विचारलं मी."

"एब फिस्क."

"एबेनेझर. तुझ्या आजोबांच्या घरातल्या चुली त्याच्या पिटावर पेटायच्या. उधारीत." मग तिनं मोहरा पाद्र्यांकडे वळवला. "पाद्रीसाहेब, मला एक सांगा. कापायचा हक्क आमचा आहे ना?"

"होता," पाद्री लॅम्बर्न म्हणाले. ते मऊ बोलणारे, कुणालाही न दुखवू पाहणारे गृहस्थ होते आणि त्यापायी बरेचदा सगळ्यांनाच दुखवून बसायचे. "युद्धानंतर कुणी कापलेलं नाही. जो हक्क वापरात नाही तो मेल्यात जमा धरावा, असं वकिलांचं म्हणणं आहे."

"आणि वापरला तर?"

पाद्र्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वापरला तर वापरात आहे असं म्हणावं लागेल."

"मग उद्यापासून वापरात आहे."

"तुमच्याकडे विजेची शेगडी आहे, ऑल्डसबाई," पॅटमोर म्हणाला. तो आता हसत नव्हता. "करार सप्टेंबरअखेर व्हायचाय. कशाला उगाच?"

"शेगडी आहे. चूलही आहे. दोन्ही माझ्याच आहेत," थर्झा म्हणाली आणि कोट घालून घरी गेली.

एनॉकला बातमी तिच्याआधी पोचली होती. तो तिचा मोठा भाऊ. बायको गेल्यावर तिच्याकडे राहायला आलेला, आणि खाणीतल्या दगडाखाली पाठ मोडल्यापासून खुर्चीला चिकटलेला.

"तू पीट कापणार म्हणे."

"हो."

"एकसष्टाव्या वर्षी."

"अण्णांचं फावडं कुठंय?"

"कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू दिलाय त्याचा. कोंबड्यांना विचारून घे." त्यानं पाइप दातांत धरला. "थर्झे, तुला कुठल्या अंगानं सुरुवात करायची तेही माहीत नाही. अण्णांनी मला शिकवलं, तुला नाही."

"मग तू शिकव."

"मी? मला तिथवर चालता येत नाही."

"ढकलगाडी आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी थेलमार्शनं एक अजब वरात पाहिली. थर्झा ऑल्डस नवऱ्याचे जुने बूट चढवून ढकलगाडी रेटत चालली होती आणि गाडीत घोंगडी पांघरून, मांडीवर फावडं आडवं धरून एनॉक फिस्क बसला होता. गावठाणातून नदीच्या वाटेला लागेस्तोवर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला टोपी उचलून नमस्कार करत होता.

ते फावडं साधं नव्हतं. दांडा पुरुषभर लांब, पातं अरुंद, आणि पात्याच्या एका कडेला काटकोनात वळलेला धारदार कान. एकदा दाबलं की दोन बाजू एकदम कापल्या जायच्या आणि वीट सुटून यायची. निदान एनॉकच्या सांगण्यात तरी यायची. पहिल्या दिवशी थर्झानं काढलं ते विटा नव्हत्या, नुसता चिखलाचा लगदा होता.

"पायानं दाब. पाठीनं नको. पाठीनं दाबशील तर माझ्या शेजारी दुसरी खुर्ची टाकावी लागेल."

"गप्प बस."

"गप्प बसायला आणलंस होय मला इतक्या लांब?"

एप्रिल सरेपर्यंत तिच्या हाताला घट्टे पडले आणि विटा विटांसारख्या दिसायला लागल्या. काळ्या, लोण्यासारख्या गुळगुळीत, ओल्या. त्या ती काठावर जाळीदार रचायची, म्हणजे वारा आरपार जाई. आणि ती एक वीट उचलायची तेवढ्यात खाली पाणी झिरपून जागा घेई. जेवायच्या सुट्टीला ती चीज-पाव आणि कांद्याचं लोणचं खाऊन परत यायची तोवर खड्ड्याचा तळ दिसेनासा झालेला असे.

मिस हॅडो आल्या त्या दिवशी थर्झा कमरेएवढ्या खड्ड्यात होती. बाईंनी काठावरून खड्डा पाहिला, चहूबाजूंना फिरून पाहिला, आणि ओल्या गवतात सरळ गुडघे टेकून बसल्या.

"ऑल्डसबाई, तुम्ही काय केलंय, तुम्हाला कल्पना आहे?"

"डग्लस पॅटमोरचं डोकं फिरवलंय."

"ते असेल. पण हे बघा." त्यांनी पलीकडच्या जुन्या खड्ड्यांकडे हात केला. तिथं पाण्याच्या जागी बोरूचं रान माजलं होतं आणि बर्चची रोपटी खांद्याला लागली होती. "तुमच्या वडलांनी कापायचं थांबवलं तेव्हापासून हे भरत आलेत. कोळ्याला उघडं पाणी लागतं. ऊन पडलेलं. आणि काठाला ताठ पात्यांचा लव्हाळा लागतो. माणसानं खणणं सोडलं तशी त्याची घरं बुजत गेली. मी नुसतं पत्रं लिहीत बसले, नवं पाणी करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे मी त्या किड्यांसाठी खणतेय?"

"कीटक नव्हे. कोळी."

"मला एकही जवळ नको," थर्झा म्हणाली. पण काठाचा लव्हाळा तेवढा राखा, असं बाईंनी विनवलं तेव्हा तिनं तो राखला. करवतीसारख्या पात्यांनी हात कापले जात होते, त्यामुळे न कापणं सोयीचंही होतं.

जूनमध्ये विटा वाळल्या. ऐन उन्हाळ्यात थर्झानं चूल पेटवली, गावाला दिसावं म्हणूनच पेटवली. पिटाचा धूर निळा असतो, जमिनीलगत रेंगाळतो आणि त्याला ओल्या मातीचा, जुन्या लोकरीचा वास येतो. त्या संध्याकाळी पलीकडच्या घरातली डोरकस, जिनं सभेत कोळशासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, फाटकाशी येऊन उभी राहिली. तिनं तो धूर छातीभर ओढून घेतला.

"आईच्या घरी हाच वास असायचा," ती म्हणाली. "मला शिकवशील?"

"एनॉक शिकवील. त्याचं तोंड सहन करावं लागेल."

डोरकसमागून आणखी चारजणी आल्या आणि त्यांच्यामागून त्यांचे नवरे, आपण नुसते बघायला आलोय असं दाखवत. जूनअखेर पाणथळीत नवे खड्डे चमकायला लागले आणि एनॉकची ढकलगाडी रोज कुणी ना कुणी आपणहून ढकलत नेऊ लागलं. तो सगळ्यांना सारखाच टाकून बोलायचा.

याच दिवसांत थर्झानं त्या कोळ्यांतली एक मादी पहिल्यांदा नीट पाहिली. जुन्या खड्ड्यात, लव्हाळ्याच्या वाकलेल्या पात्यावर मागचे पाय रोवून आणि पुढचे पाय पाण्याच्या पृष्ठावर ठेवून ती बसली होती. गर्द तपकिरी, बाजूंना मलईच्या रंगाचे पट्टे. पाणी तिच्या पायांखाली वाकलं होतं पण फुटलं नव्हतं. थर्झाच्या मानेवर काटा आला. मग पाण्यावर कुठंतरी चतुर आपटला, लहर उठली, आणि कोळीण इतक्या झपकन गेली की थर्झाला ती जाताना दिसलीच नाही; फक्त चतुर तिच्या तोंडात दिसला.

"ती डोळ्यांनी शिकार करत नाही," शेजारी टेकलेल्या मिस हॅडो कुजबुजल्या. "पाणी पायांनी ऐकते. लहान मासोळीसुद्धा ओढते बाहेर."

"माझ्या घरी असली नको," थर्झा म्हणाली. पण ती लगेच उठली नाही.

पॅटमोर स्वस्थ बसला नव्हता. जुलैच्या सुरुवातीला त्यानं गावातल्याच नेव्हिलला त्याचं खोदयंत्र घेऊन बोलावलं आणि स्वतःच्या कुरणात, पाणथळीच्या हद्दीला लागून, खोल चर मारला. स्वतःच्या जमिनीत काय करायचं तो त्याचा प्रश्न होता. पण तो चर पुढे एका जुन्या नाल्याला मिळत होता, आणि नाला पाणथळीच्या कोपऱ्यातून नदीला जात होता. तिथला गाळही त्यानं न विचारता काढून टाकला. पाण्याला वाट मिळाली. आठवड्याभरात खड्ड्यांची पातळी गुडघ्याखाली आली, मग घोट्याखाली. जुने खड्डे तर तडकायला लागले. मिस हॅडो सकाळ-संध्याकाळ काठ धुंडाळत होत्या. माद्यांचे अंडी घालायचे दिवस होते. पाणी नसेल तर त्या पिल्लांसाठी जाळं बांधणार कुठं?

डोरकस म्हणाली, "झालं. आता काय खणायचं? कोरडं?"

थर्झा खड्ड्याच्या तळाशी उभी होती. तिनं फावडं रोवलं आणि एनॉककडे पाहिलं. "अरे, आपल्या हद्दीतला नाला कुणाचा?"

"गरिबांचा."

"आणि कापलेलं पीट कुठं रचायचं, असं कागदात काही लिहिलंय का?"

एनॉकनं पाइप तोंडातून काढला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. "रचायचं कुठं, याबद्दल तो कागद अगदी मुका आहे, थर्झे."

पुढचे तीन दिवस गावातल्या धडधाकट बायांनी ओल्या विटा वाहून नाल्यात रचल्या. एनॉक काठावरून सांगत होता: आडवी, उभी, मध्ये लव्हाळ्याची पेंढी, वर चिखल, पायानं तुडवा. बांध नाल्याच्या तोंडाएवढा उंच झाला. आधी काहीच झालं नाही. मग पाणी तटलं, फुगलं, मागं सरकलं आणि खड्ड्यांत शिरलं. तसंच ते पॅटमोरच्या कुरणातही शिरलं, जिथं त्याचं कापलेलं गवत वाळत पडलं होतं.

तो आला तेव्हा सकाळची न्याहारीची वेळ होती. मागं नेव्हिलचं खोदयंत्र धडधडत येत होतं. थर्झा मिस हॅडोंचे लांब रबरी बूट घालून बांधाच्या अंगाला, मांडीएवढ्या पाण्यात उभी राहून एक फट बुजवत होती. काठावर डोरकस आणि आणखी काही बाया, आणि ढकलगाडीत एनॉक.

"बाहेर या, ऑल्डसबाई. माझं गवत सडतंय."

"वाईट वाटलं."

"हा बांध काढावा लागेल."

"बांध कुठला? आम्ही पीट रचून ठेवलंय. आमच्या जागेत. पुढच्या वर्षी वाळवू."

"तुम्ही हे त्या कोळ्यांसाठी करताय? खरंच? माणसांना थंडीत कोळसा मिळणार होता. म्हातारी माणसं आहेत गावात."

"मी म्हातारीच आहे, डग्लस. मला विचारून बघ." तिनं तळहातानं चिखल दाबला. "कोळसा तू देणार, मग एखाद्या वर्षी द्यायचा राहून जाणार. हे मी माझ्या हातानं काढते. कुणाच्या मेहेरबानीवर नाही."

"नेव्हिल, चालू कर."

यंत्राचा लांब हात वर गेला. आणि त्याच वेळी थर्झाला डाव्या मनगटावर काहीतरी चढल्यासारखं वाटलं.

पाणी चढलं तसा काठाचा लव्हाळा बुडाला होता, आणि तुटलेल्या पात्यावर तरंगत आलेली कोळीण तिला दिसलीच नव्हती. ती आता पाण्याबाहेरची पहिली उंच वस्तू पकडून वर येत होती, आणि ती वस्तू थर्झाचा हात होती. पोटाखाली, जबड्यांत घट्ट धरलेली, वाटाण्याहून मोठी मळकट गोळी. अंडी. एकेक पाय उचलून, अडखळत, त्या गोळीचं ओझं सावरत ती कोपराकडे निघाली होती.

हात झटकावा, ओरडावं, पाण्यातून पळत सुटावं, सगळं एकदम वाटलं. पण ती पळाली असती तर काठावरच्यांना एवढंच दिसलं असतं की खोदयंत्र पुढं आलं आणि ऑल्डसबाई मागं हटली. तिनं दात आवळले. हात जिथं होता तिथंच ठेवला.

"ऑल्डसबाई," पॅटमोरचा आवाज बदलला, "तुमच्या हातावर."

"माहितीये."

"चावते ती?"

"मला काय ठाऊक? मी कधी विचारलं नाही तिला."

ढकलगाडीतला एनॉक बहिणीला जन्मापासून ओळखत होता. तिचा पांढराफटक चेहरा पाहून त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

यंत्राचा हात हवेत थांबला होता. नेव्हिलनं खाली वाकून पाहिलं, मग किल्ली फिरवली. धडधड बंद झाली आणि पाणथळीतले पक्षी एकदम ऐकू यायला लागले.

"बंद का केलंस?" पॅटमोर म्हणाला.

"मध्ये ऑल्डसबाई आहेत, साहेब."

"त्या होतील बाजूला."

"नाही व्हायच्या." नेव्हिलनं टोपी मागं सारली. "ताटातला कोबी संपेपर्यंत मला टेबलावरून उठू दिलं नव्हतं त्यांनी. शाळा सुटली, पोरं घरी गेली, अंधारून आलं. शेवटी कोबी मीच खाल्ला. तुम्ही होतात की तिथं."

काठावर कुणीतरी फिसकन हसलं. पॅटमोर लाल झाला. तो पाण्यात उतरेल असं क्षणभर वाटलं, आणि त्यानं एक बूट पुढे टाकलाही. कोळीण आता थर्झाच्या कोपरापाशी थांबली होती. थर्झा त्याच्याकडे बघत होती, पापणी न हलवता. बोलायला तोंड उघडलं तर किंचाळी निघेल म्हणून ती बोलत नव्हती, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. त्यानं बूट मागं घेतला.

"सप्टेंबरात बघू," तो म्हणाला आणि कुरणाकडे निघून गेला.

थर्झा पाण्यातून हळूहळू, हात पुढे धरून, उभ्या लव्हाळ्यापर्यंत गेली आणि हात पात्याला टेकवून उभी राहिली. कोळिणीला घाई नव्हती. बऱ्याच वेळानं एक पाय पात्यावर गेला, मग दुसरा. ती गेल्यावर थर्झा काठावर आली, मटकन खाली बसली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात गवताला घासून काढला.

"चहा," ती एनॉकवर ओरडली. "नुसता बसून काय बघतोस? चहा दे."

सप्टेंबरच्या सभेला हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पाद्री लॅम्बर्ननी वकिलांचं मत सांगितलं: हक्क उघडपणे, सगळ्यांच्या देखत वापरला जात आहे, तेव्हा करार करता येत नाही. पॅटमोरनं वकील बदलायची सूचना मांडली. विश्वस्तांची मतं समसमान पडली आणि निर्णय पाद्र्यांवर आला. मऊ बोलणाऱ्या या माणसानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी इथं आल्यापासून कुणाशी वाकडं येऊ नये म्हणून फार जपलं," ते म्हणाले. "पण ज्यांच्या नावानं ही जमीन आहे ते तिथं चिखलात उभे आहेत आणि मी इथं बसून ते मेले आहेत असं म्हणत होतो. करार होणार नाही."

टाळ्या पडल्या. थर्झानं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पॅटमोरकडे बघत होती. तो नकाशा गुंडाळत होता, शांतपणे, आणि ते तिला आवडलं नाही.

पाणथळीच्या वरच्या अंगाला हीदरचा माळ होता. ऑगस्टमध्ये जांभळा होणारा, झुडपांच्या मुळांशी ओल धरून ठेवणारा, मधूनमधून काळ्या पाण्याची डबकी असलेला. त्या डबक्यांतही हेच पट्टेवाले कोळी होते. हीदरच्या फांद्यांवर पिल्लं ऊन खात बसायची. पण माळ गरिबांचा नव्हता. तो पॅटमोरचा होता, बापाकडून आलेला. मिस हॅडो त्याच्या दारात गेल्या, मिनतवाऱ्या केल्या. त्यानं त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. ऑक्टोबरात ट्रॅक्टर आले.

त्याआधीचे दोन दिवस थर्झा आणि मिस हॅडो माळावर ओणव्या होत्या. पॅटमोरनं त्याला हरकत घेतली नाही. एकेक पिल्लू दुधाच्या वेगळ्या रिकाम्या बाटलीत घालावं लागे, एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात. थर्झाला अजूनही प्रत्येक वेळी शहारे येत. ती चमच्यानं त्यांना बाटलीत लोटायची आणि चटकन बोळा लावायची. जेवढी मिळाली तेवढी खालच्या खड्ड्यांत नेऊन सोडली. ती फार थोडी होती.

नांगर फिरला तेव्हा ती कुंपणाशी उभी होती. हीदर मुळासकट उलटत होतं आणि डबकी काळ्या मातीत नाहीशी होत होती. पॅटमोर कुंपणाच्या त्या बाजूला येऊन थांबला.

"ही जमीन माझी आहे, ऑल्डसबाई."

"तुझीच आहे."

त्याला तिच्याकडून भांडण हवं होतं बहुतेक. तो जरा थांबला, मग ट्रॅक्टरकडे गेला. संध्याकाळपर्यंत माळ संपला. थर्झा घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एनॉक तिच्या आधी घोंगडी पांघरून ढकलगाडीत जाऊन बसला होता.

"हंगाम संपलाय," ती म्हणाली. "आता पीट वाळत नाही."

"खड्डे तर खणता येतात. पाण्याला कुठं वाळायचंय?"

त्या हिवाळ्यात त्यांनी विटांसाठी नाही, नुसते खड्डे खणले. वरच्या माळाच्या हद्दीला लागून, जिथं मिस हॅडोंनी खुणा केल्या होत्या तिथं. नेव्हिल रविवारी स्वतःचं फावडं घेऊन यायचा आणि एनॉकच्या शिव्या मुकाट्यानं खायचा.

पुढल्या जुलैत थर्झाच्या पहिल्या खड्ड्याच्या काठाला, तिनं राखलेल्या लव्हाळ्यात, पाण्याच्या वर वीतभर उंचीवर एक जाळं दिसलं. घुमटासारखं, धुकट, आत शेकडो बारीक पिल्लं मोहरीसारखी चिकटलेली. खाली, पाण्याशी तोंड करून, आई राखण करत होती. मिस हॅडो रडल्या आणि मग आपण रडलो म्हणून स्वतःवरच चिडल्या. थर्झानं दोन पावलं लांबूनच पाहिलं. तिच्या अंगावर काटा होता, पण ती बघत राहिली, जेवणाची वेळ टळून गेली तरी.

परत जाताना त्यांना पाणथळीच्या फाटकावर नवी पाटी दिसली. विश्वस्तांतल्या पॅटमोरच्या बाजूच्यांनी ती लावून घेतली होती. जाड ओकची, पांढऱ्या अक्षरांत रंगवलेली: पीट कापण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

थर्झानं ती वाचली. मग ढकलगाडीतली पहार काढली, पाटी खिळ्यांसकट उचकटली आणि मागं वळून वाटेतल्या सगळ्यांत चिखलाच्या खड्ड्यापर्यंत नेली. तिथं पलीकडे जायला फळी नव्हती, डोरकस दोनदा घसरून पडली होती. पाटी दोन्ही काठांवर बरोबर टेकली. अक्षरं वरच्या बाजूला ठेवून तिनं ती पायानं दाबून बसवली, आणि तिच्यावरून चालत पलीकडे गेली.